हीटरच्या पाईपांना लावलेली शिस्त

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (फार वाकता येत नाही. सलग चार दिवस बॉनेटखाली डोकं घालून उभी होते, त्यामुळे कंबर एका ठरावीक कोनापलीकडे जायला तयार नाही. उरलेला नमस्कार भेटीत.) आतोबांचा गुडघा कसा आहे? तेल लावतात का, की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपतात? तुझ्या शिलाई मशीनचा नवा पट्टा टिकला का? दुकानात मदतीला आलेल्या बाईंना एव्हाना काजं करता येऊ लागली असतील. आमच्याकडे सगळे मजेत आहेत असं यापुढे लिहायची रीत आहे. मी ती पाळणार नाही. आमच्याकडे कुणीही मजेत नाही, आणि त्याला कारण, आत्या, तू आहेस.

एवढं वाचून पत्र बाजूला ठेवू नकोस. मी आरोप करते तो पुराव्यासकट करते. दोन वर्षांपूर्वी तू गॅरेजमध्ये आली होतीस. बाबांनी आपल्या राखाडी गाडीचं बॉनेट उघडून ठेवलं होतं, आणि जनावरांचे डॉक्टर, शाळेच्या बसचे ड्रायव्हर आणि आमचे म्हातारे मिस्त्री भोवती चहा पीत उभे होते. तू आत डोकावलीस आणि म्हणालीस, "दादा, हे इंजिन आहे की माझ्या दुकानातली गुंत्याची टोपली?" सगळे हसले. मिस्त्रीसुद्धा हसले, आणि मिस्त्रींना हसताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं (त्यांच्या मेव्हण्याची नवी गाडी चोरीला गेली तेव्हा). बाबा हसले नाहीत. त्यांनी बॉनेट अगदी हळू लावलं. बाबा चिडले की वस्तू हळू ठेवतात, हे तुला माझ्याही आधीपासून माहीत आहे. तेव्हापासून ते तुझ्याशी बोललेले नाहीत, तू त्यांच्याशी बोललेली नाहीस, आणि दोन्ही घरांच्या बातम्या आईच्या फोनवरून इकडून तिकडे जातात. आई त्यात पदरचं घातल्याशिवाय बातमी पुढे सोडत नाही, त्यामुळे आतोबांचा एक गुडघा आमच्याकडे पोचेपर्यंत दोन झालेला असतो.

त्या दिवशी मला मात्र तुझं पटलं होतं, हे कबूल करते. मी तेव्हा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि सुटसुटीतपणा, नियोजन, कामाआधी आराखडा अशा शब्दांनी माझं डोकं भरलेलं होतं. गाडीची यंत्रं मी पुस्तकात शिकत होते आणि आमच्याच गॅरेजात मला पाऊल टाकायची बंदी होती. लहानपणापासून तशीच होती. दारात दिसले की बाबा हातातला पाना खाली ठेवून म्हणायचे, अभ्यास झाला? आणि झाला म्हटलं तर म्हणायचे, मग उद्याचा कर. मिस्त्रींच्या मांजरीला जिथे पिल्लं घालायची परवानगी होती, तिथे मला उभं राहायची नव्हती. आता पदवी मिळाली आहे. ते प्रमाणपत्र बाबांनी चौकट करून गॅरेजात लावलंय, आग विझवायच्या नळकांड्याच्या आणि टायरमधल्या हवेच्या तक्त्याच्या मधोमध. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आधी त्याच्यासमोर उभं करतात, मग गाडीचं काय बिघडलंय ते विचारतात. बाबांना वाचता येत नाही, पण माझं नाव कुठे आहे ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर काचेवर त्यांच्या अंगठ्याचा काळा डाग पडलाय आणि नाव आता दिसत नाही.

एवढा अभिमान असलेल्या माणसाने मुलीला काम काय द्यावं? टेबलाशी बसून फोन उचलायचा. मी फोन उचलते, "गॅरेज" म्हणते, आणि पलीकडचा माणूस म्हणतो, बाबांना द्या. एकाने तर मला गाडीचा आवाज कसा येतो तो तोंडाने काढून दाखवला, मी त्याला बेअरिंग गेलंय म्हणून सांगितलं, त्यावर तो म्हणाला, हो का, बरं, बाबांना द्या. (बेअरिंगच गेलं होतं.) महिनाभर मी हे सोसलं. मग एका सकाळी बाबांसमोर उभी राहून स्पष्ट सांगितलं की मला गिऱ्हाइकांच्या गाड्यांना हात लावायचाय, आणि गॅरेजातला दुसरा खड्डा, जिथे सध्या जुने टायर पडलेत, तो मला हवाय. (गाडीखाली उभं राहून काम करायच्या एका खड्ड्यासाठी माणूस इतकं झटू शकतो हे मला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.) बाबांनी बराच वेळ स्क्रू चाळले. मग म्हणाले, "राखाडी गाडीवर कर काय करायचं ते. मग मी सांगेन त्या चढावर नेऊ. वर पोचेपर्यंत उकळली नाही, तर खड्डा तुझा." मला वाटलं, खड्डा मिळालाच.

काय करायचं याचा विचारच करावा लागला नाही, कारण तुझं ते वाक्य माझ्या कानात दोन वर्षं बसलेलं होतं. मी बॉनेट उघडलं. इंजिनातलं गरम पाणी डॅशबोर्डामागच्या हीटरकडे नेणारा एक रबरी पाईप आणि तिथून परत आणणारा दुसरा, हे दोन पाईप आपल्या गाडीत कसे गेले होते ते तू पाहिलंस. थेट इंजिनाच्या डोक्यावरून. त्यातला एक मध्येच कमान करून वर चढलेला आणि पुन्हा खाली उतरलेला, कमानीच्या टोकावर एक गंजका स्क्रू. आणि पाईपांवर जागोजाग दोरे. लाल, पांढरे, मधूनच एक पिवळा, गाठी मारलेले, तेलाने काळे पडलेले. गेल्या दोन हिवाळ्यांत तर दोराही मिळाला नव्हता बहुतेक, कारण दोन ठिकाणी चक्क सुतळी बांधली होती. ती सुतळी पाहून माझं डोकं फिरलं. ज्या माणसाकडे दुरुस्तीला लोक तीन तीन गावं ओलांडून येतात, त्याच्या स्वतःच्या गाडीला सुतळी? मी त्याच दिवशी ठरवलं की हे दोन्ही पाईप खालून न्यायचे, इंजिनाच्या मागून, केबिनच्या पत्र्याला धरून, कुणाच्या नजरेला पडणार नाहीत असे. बॉनेट उघडलं की इंजिन दिसलं पाहिजे, टोपली नाही. त्याचा आराखडा मी चार वेळा काढला, पाचवा मापासकट.

ते माप घेऊन मी पाईपवाल्याकडे गेले. दुकानात शिरल्या शिरल्या त्याने विचारलं, कुणासाठी हवाय? मी म्हटलं, माझ्यासाठी. तो म्हणाला, तसं नाही, काम कोण करणार? मी म्हटलं, मीच. मग तो म्हणाला, बरं, मग मिस्त्रींना पाठवा. मी त्याच्यासमोर आराखडा पसरला आणि लांबी मिलिमीटरमध्ये सांगितली. त्याने आराखड्याकडे न बघता पाईपाचं भेंडोळं कोपरापासून बोटांपर्यंत मोजायला घेतलं आणि म्हणाला की हीटरच्या पाईपाला पाच हात आणि चार बोटं लागतात. मी त्याला ऐकवलं की जगात मापाची एक पद्धत ठरलेली आहे, ती त्याच्या कोपरावर अवलंबून नाही, आणि मला आराखड्यातल्याइतकाच पाईप कापून हवा. तो कापता कापता म्हणाला, "ताई, पाईप वळतो, कागद वळत नाही." घरी येऊन पाईप बसवला तर तो कमी पडला. किती कमी पडला ते मी तुला सांगणार नाही. (चार बोटं.) दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा पाच हात चार बोटांचा पाईप कापून, गुंडाळून काउंटरवर ठेवलेला होता, आणि तो माणूस काही बोलला नाही, याचा मला जास्त राग आला.

ते दोरे मी सगळे काढले. ब्लेडने कापून, एकूण एक. चहाच्या रिकाम्या डब्यात भरले आणि डबा सकाळी कचऱ्याच्या गाडीला दिला. इंजिन घासलं. (भांडी घासायचा आईचा तारेचा ब्रश मी वापरला, यावरून आई माझ्याशी दीड दिवस बोलली नाही, म्हणजे सध्या आपल्या कुटुंबात कोण कोणाशी बोलतं याचाही एक आराखडा काढावा लागेल.) कमानीवरचा तो गंजका स्क्रू माझ्या नव्या मार्गात कुठेच बसत नव्हता, तो काढून टाकला. नव्या क्लिपा लावल्या, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. काम झाल्यावर मी मागे सरून पाहिलं, आणि आत्या, खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. प्रदर्शनात ठेवावं असं दिसत होतं. मी मिस्त्रींना हाक मारली. ते आले, हात मागे बांधून वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पिवळा काढलास?" मी म्हटलं, सगळेच काढले. त्यावर त्यांनी मान हलवली आणि चहा घ्यायला निघून गेले. मला वाटलं, चाळीस वर्षं घाणीत काम केलेल्या माणसाला स्वच्छता बघवत नाही. माझं मत चुकलं असेल, पण चाळीस वर्षं अनुभव असलेल्या माणसाला दुसरं वाक्य बोलायला काय झालं होतं? आमच्या गॅरेजात ज्ञान भरपूर आहे, ते सगळं चहाबरोबर गिळलं जातं.

तर काल संध्याकाळी बाबांनी सांगितलं, उद्या सकाळी निघू. आज सकाळी निघालो. सपाट रस्त्यावर गाडी पाण्यासारखी चालली. बाहेर कडक थंडी होती, मी हीटर लावला. गार हवा आली. बाबांनी जाळीसमोर तळहात धरला, थोडा वेळ धरून ठेवला, मग मफलर कानांवरून घेऊन खिडकीबाहेर बघू लागले. मी म्हटलं, गरम व्हायला वेळ लागतो. ते म्हणाले, लागतो. तासाभराने चढ सुरू झाला. पहिली चार वळणं तापमानाचा काटा जागचा हलला नाही. पाचव्या वळणावर हलला. मी बाबांकडे पाहिलं नाही, बाबांनी काट्याकडे पाहिलं नाही. सातव्या वळणावर काटा लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली, माझ्या त्या प्रदर्शनात ठेवण्यासारख्या इंजिनातून. बाबा शांतपणे म्हणाले, इथे नको, आणखी दहा पावलं पुढे घे, तोंड चढाकडे राहू दे. मी घेतली. ते उतरले, मागच्या चाकाला दगड लावला, आणि कठड्यावर जाऊन बसले.

तिथे मी बोलले, आत्या. सगळं बोलले. म्हटलं, तुम्हाला तळहात धरला तेव्हाच कळलं होतं. मिस्त्रींना पिवळ्याचं विचारलं तेव्हाच कळलं होतं. पाईपवाल्यालाही कळलं असेल. सगळ्यांना कळतं आणि कुणी सांगत नाही, आणि मग मुलीचं चुकलं की खड्ड्यात टायर तसेच राहतात. मला शाळेत घातलंत, कॉलेजात घातलंत, आणि गॅरेजात घातलं नाहीत. लिहून तरी ठेवायचं होतं कुठेतरी. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लिहिलं होतं की. दोरे कुठे टाकलेस?"

तुला हे माहीत आहे. तुला सगळ्यांआधी माहीत आहे, कारण ही लिपी तू आणि त्यांनी मिळून काढली, तू शाळेत जायचीस आणि ते पाना धरायचे तेव्हा. लाल म्हणजे गरम पाणी जातं तो पाईप, पांढरा म्हणजे परत येतं तो. पाईप बदलला की एक गाठ, हिवाळ्यातली तपासणी झाली की एक गाठ. आणि पिवळा म्हणजे, इथे हवा अडकते, पाणी भरल्यावर आधी इथला स्क्रू सैल कर. तो पाईप कमान करून वर नेला होता तो बेशिस्तीने नाही, सगळी हवा एका जागी गोळा व्हावी म्हणून. मी हवेचा रस्ता बंद करून पाण्याला शिस्त लावली; हवा आत अडकली, पाणी फिरेना, आणि गाडी उकळली. बाबांनी हे सगळं कठड्यावर बोटाने रेघा काढून मला दहा मिनिटांत समजावलं. ते दोरे तुझ्या दुकानातून यायचे. दोन वर्षं आले नाहीत, त्यांनी मागितले नाहीत, म्हणून सुतळी. त्या गाडीवर चौदा हिवाळे लिहिलेले होते. घरातल्या पहिल्या पदवीधराने, आमच्या घरात पुस्तकांआधी जे काही लिहिलं गेलं होतं, ते चहाच्या डब्यात भरून कचऱ्याच्या गाडीला दिलं.

तरीही माझी तक्रार मी मागे घेत नाही. माझं चुकलं ते चुकलं, पण मला वाचायला कुणी शिकवलं नाही. आणि तूही शिकवलं नाहीस. उलट चारचौघांत त्यांच्या वहीला टोपली म्हणालीस, ज्या वहीची अक्षरं तूच पुरवत होतीस. गंमत केलीस, हे मला कळतं. पण त्यांनी ती हळू लावलेल्या बॉनेटखाली ठेवली, हे तुला कळायला हवं होतं. असो. मला तुझ्याकडून काहीही नकोय. फक्त मन मोकळं करावंसं वाटलं म्हणून लिहिलं. आतोबांना नमस्कार, काजंवाल्या बाईंना माझी आठवण सांग.

तुझी रागावलेली,
भाची

ता. क. — कागदाच्या मागच्या बाजूला पाईपांचे आराखडे आहेत. एक ते चार तिथे सापडतील, पाचवा हरवला. गाडीत दुसरा कागद नव्हता.

ता. क. २ — "गाडीत" असं वर लिहून गेले, त्यामुळे आता सांगणं भाग आहे. हे पत्र मी तुझ्या घराच्या खालच्या दुसऱ्या वळणावरून लिहितेय. चढ बाबांनी ठरवायचा होता, त्यांनी तुझ्या घराचाच ठरवला. इथे फोन लागत नाही. पायी वर यायला मला दहा मिनिटं लागतील, पण पायी आले तर गाडी वर आली नाही हे मीच लेखी दिल्यासारखं होईल. (आता दिलंच आहे, ते वेगळं.) मोपेडवरचे अंडीवाले खालच्या घरांत अंडी देऊन पुन्हा वर जातील, त्यांच्याकडे हे पत्र देतेय.

ता. क. ३ — अंडीवाले यायला वेळ लावताहेत म्हणून पुढचं लिहिते. गाडी चढाकडे तोंड करून का उभी केली ते आता कळलं. अशी उभी केली की रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येतं आणि हवा तिथून बाहेर काढता येते. बाबा कठड्यावरून उठले नाहीत. तिथूनच सांगत गेले आणि मी केलं: गार झाल्यावर झाकण काढलं, पाणी भरलं, गाडी चालू ठेवून हीटर पूर्ण सोडला, आणि माझे ते सुबक पाईप हाताने दाबत राहिले. बुडबुडे आले, आत्या, पाव तास बुडबुडे येत होते. मग जाळीतून गरम हवा आली आणि काटा मध्यावर उतरून बसला. मी विचारलं, मी हरले ना? ते म्हणाले, गाडी उकळली हे खरं. पण टोपली म्हणणारी वर आहे. बॉनेट तिच्यासमोर उघडू, खड्ड्याचं तेव्हा ठरवू. म्हणजे माझा खड्डा आता तुझ्या तोंडात आहे. तेव्हा या खेपेला बोलायच्या आधी कृपा करून एकदा विचार कर. आणि खाली आमच्याकडे येताना लाल, पांढरं आणि पिवळं, दोऱ्याची तीन रिळं घेऊन ये. पिवळं मोठं आण. गाठी मी मारणार आहे, तू शेजारी उभी राहून सांग.

ता. क. ४ — अंडीवाले आले, त्यांनी मोपेड चालूच ठेवलीय, म्हणून घाईत. गाडी बंद करून अर्धा तास होऊन गेलाय. आम्ही केव्हाच निघू शकलो असतो. मी बॉनेटवर हात ठेवून पाहिला आणि बाबांना म्हटलं, चला. त्यांनीही हात ठेवला, वर तुझ्या वळणाकडे पाहिलं, आणि म्हणाले, अजून तापलंय, थांबू थोडं. बॉनेट बर्फासारखं गार आहे. लवकर ये.